चाक फिरतं, पान हलत नाही : एका बिनतारी माउसच्या दुरुस्तीच्या नोंदी

६ ऑगस्ट, रात्री

दुपारपासून माउसचं चाक रुसलंय. बाण नीट सरकतो, डावं-उजवं बटण वाजतंही आणि ऐकतंही. चाक फिरवलं की मात्र पान जागचं हलत नाही. मधूनच चार-पाच ओळी सरकतं, मग पुन्हा ठप्प. एकदा तर खाली फिरवलं आणि पान वर गेलं.

चाक दाबलं की लिंक नव्या टॅबमध्ये उघडते, म्हणजे चाकाखालचं बटण शाबूत आहे. बिघाड फक्त फिरण्याचा.

नोंदी लिहून ठेवतोय, कारण मागे कीबोर्ड दुरुस्त करताना काय करून झालं आणि काय राहिलं हे विसरून एकच गोष्ट तीनदा केली होती. माझं काम दिवसभर लांबलचक मजकूर तपासायचं, त्यामुळे हे फार दिवस चालवून घेता येणार नाही.

७ ऑगस्ट

सेल बदलला. एकच एए सेल लागतो. काढलेला मल्टिमीटरवर १.२८ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे अजून बरंच आयुष्य बाकी. नव्यानेही फरक शून्य. अपेक्षा नव्हतीच. सेल उतरला असता तर बाणही अडखळला असता. नुसतं चाकच का उपाशी राहील?

८ ऑगस्ट

आज बिन-स्क्रूड्रायव्हरचे उपाय.

कंट्रोल अडकलेलं असेल तर चाकाने पान लहान-मोठं होतं, शिफ्ट अडकलेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी आडवं सरकतं. दोन्ही नाही. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये एका खटक्याला किती ओळी सरकाव्यात तो आकडा ३ आहे, म्हणजे मुळात असतो तोच. बाण ज्या खिडकीवर असेल ती मागची असली तरी सरकू द्यावी, हा पर्यायही चालू आहे. ब्राउझर, पीडीएफ, फाइल एक्सप्लोरर, सगळीकडे तीच रड, त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमला दोष देता येत नाही.

डोंगलचाही, म्हणजे माउसचा सिग्नल झेलणाऱ्या संगणकातल्या चिमुकल्या यूएसबी तुकड्याचाही, संशय घेऊन झाला. ते यूएसबी ३ च्या पोर्टात, आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटच्या वाहतुकीतून जो गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पोचतो आणि बिनतारी माउसला त्रास देतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. म्हणून डोंगल एक्स्टेंशन वायरला लावून टेबलावर माउसपासून वीतभर अंतरावर आणलं. काही नाही. इथेही सेलचाच न्याय लागू होता: हवेत काही हरवत असेल तर बाणाच्या हालचालीही हरवायला हव्यात, आणि बाण तर लोण्यावरून फिरल्यासारखा फिरतोय. हे पाच मिनिटं आधी सुचलं असतं तर वायर शोधायला कपाट उपसावं लागलं नसतं.

१० ऑगस्ट

माउस आणि डोंगल दुसऱ्या संगणकाला लावलं. चाक झकास चाललं! वर-खाली, वर-खाली, दहा मिनिटं फिरवत बसलो, एकदाही चुकलं नाही.

म्हणजे माउस निर्दोष, गुन्हेगार माझा संगणक.

(१३ तारखेची भर: ही ओळ चूक आहे. खोडत नाही, कारण पुढचे दोन दिवस तिच्यापायी गेले.)

११ आणि १२ ऑगस्ट

डिव्हाइस मॅनेजरमधून माउस काढला, पुन्हा येऊ दिला. यूएसबीची वीजबचत बंद केली. माउससोबतचा सेटिंगचा प्रोग्रॅम उडवला. अलीकडचं विंडोज अपडेट मागे घेतलं, पुन्हा घातलं. प्रत्येक वेळी दोन मिनिटं चाक चालायचं, मी मनातल्या मनात पेढे वाटायचो, आणि तिसऱ्या मिनिटाला पान थिजायचं.

दोन संध्याकाळी पाण्यात. दरम्यान पेज डाउन आणि स्पेसबारवर दिवस ढकलतोय. चाकाचा माउस घरोघरी पोचला तो १९९६ च्या मायक्रोसॉफ्ट इंटेलिमाउसपासून; त्याआधी लोक खिडकीच्या कडेची पट्टी पकडून ओढतच होते की. पण एकदा लागलेली सवय सुटत नाही. तर्जनी रिकाम्या चाकावर फिरतच राहते.

१३ ऑगस्ट

आज जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: उलट तपासणी. दुसऱ्या संगणकाचा माउस माझ्या संगणकाला लावला. तासभर चाक उत्तम. मग माझा संगणक गुन्हेगार कसा?

आता पान सरकतंय की नाही हे डोळ्यांनी बघणं बंद. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि इव्हटेस्ट चालवलं. माउसकडून आलेली प्रत्येक घटना ते ओळीने छापतं: चाक एक खटका वर गेलं की +१, खाली आलं की −१. मधे ब्राउझर नाही, ओळींची सेटिंग नाही, गुळगुळीत सरकवण्याची नाटकं नाहीत.

चाकाच्या रबरावर पांढऱ्या शाईचा ठिपका दिला. ठिपका वर आणायचा आणि खटका-खटका करत खाली फिरवायचं. एका फेरीत २४ खटके, म्हणजे खटक्याला १५ अंश. पहिली फेरी अशी गेली:

१ ते ९ : सगळे −१. बिनचूक.
१० ते १७ : पाच वेळा काहीच नाही, दोन वेळा +१ (उलटं!), एकदाच −१.
१८ ते २४ : सगळे −१.

पाच फेऱ्या केल्या. १२० खटक्यांपैकी बरोबर ८४, उलटे ११, गायब २५. आणि चुका जवळजवळ सगळ्या त्याच पट्ट्यात, ठिपका चाकाच्या पोटाकडे गेलेला असताना.

१० तारखेचं कोडं इथे सुटलं. त्या संगणकावर मी जे पान उघडलं होतं ते तोकडं होतं. सात-आठ खटक्यांत तळाला पोचायचं. म्हणजे दहा मिनिटं मी चाक एकाच चांगल्या पट्ट्यात झोपाळ्यासारखं पुढे-मागे करत होतो. बिघडलेला भाग बोटाखाली आलाच नाही. प्रत्येक ‘उपाया’नंतरची ती दोन चांगली मिनिटंही बहुधा अशीच.

माउस बिघडलाय. संगणकाची माफी मागायला हवी.

१४ ऑगस्ट

स्क्रूड्रायव्हर घ्यायच्या आधी एक प्रश्न: खटके गायब होणं समजतं, पण उलटे कसे होतात? आज कागदावर मांडून बघितलं.

बऱ्याच माउसमध्ये चाकाच्या आसाला एन्कोडर नावाचा चौकोनी भाग असतो. त्यात दोन संपर्क, अ आणि ब. चाक फिरताना दोन्ही उघडझाप करतात, पण एकदम नाही. एक थोडा आधी, दुसरा थोडा मागून. आधी कोण आलं यावरून माउस दिशा ठरवतो. २४ खटक्यांच्या या नेहमीच्या एन्कोडरमध्ये एका खटक्यात अ आणि ब दोघेही एकेकदा बदलतात. पहिला आकडा अ चा, दुसरा ब चा; उघडा म्हणजे ०, जुळलेला म्हणजे १ असं धरलं तर खाली फिरवताना क्रम असा: ००, मग १०, मग ११. पुढच्या खटक्याला ११, मग ०१, मग ००. वर फिरवताना याच्या बरोबर उलट.

आता समजा ब वर मळ बसला आणि तो जुळतच नाही. खटका दिला: ००, १०. पुढचा खटका: १०, ००. माउसच्या लेखी चाक अर्धं पाऊल पुढे गेलं आणि तेच पाऊल मागे आलं. पूर्ण पाऊल कधी पडतच नाही, म्हणून संगणकाकडे काहीही जात नाही. चाक बोटाखाली गरगर फिरतंय आणि आत हिशेब चाललाय पुढे-मागे, पुढे-मागे. पान ‘थिजतं’ ते असं.

आणि अ पूर्ण मेलेला नसेल, नुसता उशिरा जुळत असेल तर? ०० वरून आधी ब लागतो, मग अ: ००, ०१, ११. हा तर वर जाण्याचा क्रम! माउस प्रामाणिकपणे +१ पाठवतो.

म्हणजे गायब खटके आणि उलटे खटके हे दोन आजार नव्हेत. मळ एकच, संपर्क अजिबात लागला नाही तर शून्य, उशिरा लागला तर उलटं. शाळेत असताना असं काही कोणी शिकवलं असतं तर त्या शून्य-एकच्या गणितात जीव रमला असता.

यात सेटिंगने सुधारण्यासारखं काहीच नाही. उघडावा लागणार.

१६ ऑगस्ट

उघडला. स्क्रू दिसत नाहीत कारण ते पोटाखालच्या घसरपट्ट्यांच्या आड असतात. हेअर ड्रायरने अर्धा मिनिट ऊब दिली, मग पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचलल्या; ओढून काढल्या तर सुरकुततात आणि पुन्हा सपाट बसत नाहीत. दोन पट्ट्यांखाली चार स्क्रू. पाचवा सेलच्या खोबणीत, लेबलाखाली. लेबलावरून बोट फिरवलं की खड्डा लागतो. हा पाचवा न सापडल्यामुळे वरचं कवच तडकवलेले लोक मी पाहिलेत.

सेल आधीच काढला होता. वरचं कवच सावकाश, मागच्या बाजूने उचललं, कारण वरच्या बटणांपासून खाली एक चपटी रिबन जाते आणि झटका बसला तर ती खोबणीतून उपटून येते.

आतलं दृश्य सांगण्यासारखं नाही. चाकाच्या आसाभोवती केसांचा पिळा बसलेला, राखी कापसाची वात वळावी तसा. चिमट्याने एक टोक धरलं आणि चाक उलटं फिरवलं, तेव्हा निम्मा पिळा अखंड निघाला. बाकीचा कापून.

चाक धातूच्या संपर्कांचंच निघालं. काही माउसमध्ये खाचांची चकती असते, एका बाजूला अवरक्त दिवा, दुसऱ्या बाजूला तो टिपणारा. तिथे फुंकर मारून, धूळ पुसून काम भागतं. माझ्यात धातूची टोपी घातलेला चौकोनी एन्कोडर आणि त्याच्या षटकोनी भोकात चाकाचा आस. म्हणजे धातूवर धातू घासणारे खरेखुरे संपर्क.

टोपीच्या फटीतून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडले, आस घालून साठ-सत्तर वेळा दोन्ही दिशांना फिरवला, पुन्हा दोन थेंब, पुन्हा फिरवणं. गंजलेले नट सोडवायचं तेल मुद्दाम टाळलं. त्याचा ओशट थर मागे राहतो आणि काही प्लॅस्टिकांना ते सोसत नाही. रात्रभर उघडाच ठेवतो.

१७ ऑगस्ट

५ फेऱ्या, १२० खटके: बरोबर १२०. एकही उलटा नाही.

२६ ऑगस्ट

नऊ दिवस सुखाचे गेले. आज सकाळी एक खटका उलटा गेला. बोट घसरलं असेल म्हणून सोडून दिलं. दुपारपर्यंत इव्हटेस्ट उघडून बसलो होतो. १२० पैकी बरोबर १०१.

ठिपक्यावरून पाहिलं, पट्टा तोच.

२८ ऑगस्ट

अल्कोहोलने मळ बाहेर काढला नव्हता, आतल्या आत पांगवला होता. हे आज डोळ्यांनी दिसलं.

एन्कोडर बोर्डवरून उतरवला. तीन पाय आणि टोपीचे दोन कान, असे पाच ठिकाणचे कथलाचे डाग. कारखान्यातलं कथील शिसंविरहित असतं, ते साधारण २१७ अंशांपुढे वितळतं आणि लवकर थिजतं. त्यात थोडं ६३-३७ चं शिसेमिश्रित कथील मिसळलं की १८३ अंशाच्या आसपास वितळणाऱ्या या कथलामुळे मिश्रण खालच्या तापमानालाच पातळ होतं आणि तांब्याच्या वेणीने नीट शोषून घेता येतं. कानांना मात्र वेळ लागला. टोपी सगळी उष्णता पिऊन टाकते.

टोपीच्या चार जिभा सरळ करून उघडलं. आत एक चकती, तिच्यावर चकचकीत धातूची नक्षी, आणि तिच्यावर टेकलेली पितळी पत्र्याची बारीक बोटं. चकतीच्या साधारण एक तृतीयांश भागावर काळपट चिकट लेप, काजळात तूप कालवावं तसा. हेच ते १० ते १७. कारखान्यात घातलेलं ग्रीस आणि बोटांनी घासून झिजलेला धातू यांचा तो चिखल. चाकाचा नेमका तोच भाग का? माझा अंदाज असा की अल्कोहोलआधीही ग्रीस तिथेच साचलेलं असणार. वाचताना आपण सारखं पुढे-मागे करतो, पूर्ण फेऱ्या क्वचितच मारतो, त्यामुळे लेप एका ठिकाणी लोटला जातो. सिद्ध करता येणार नाही.

कापसाच्या बोळ्याने लेप पुसला. खाली नक्षीवर बारीक चर दिसले, भिंगातून. पत्र्याची बोटं किंचित वर वाकवायला गेलो, दाब वाढावा म्हणून. दोन वाकली. तिसरं चिमट्यातच राहिलं.

एन्कोडर संपला.

३० ऑगस्ट

नवा मागवायचा. दिसायला सगळे सारखे, पण उंचीत ७, ९, ११ मिमी असे अनेक प्रकार; शिवाय भोकाचं केंद्र बोर्डपासून किती वर हे वेगळंच. मोडक्याची उंची कॅलिपरने मोजली: ९ मिमी. बोर्डवर बसणाऱ्या तळापासून मोजायची, पायांच्या टोकापासून नव्हे. मागवला.

५ सप्टेंबर

आला तो ११ चा. पाकिटावर ९ लिहिलंय, कॅलिपर ११ म्हणतो. डाग न देता नुसता टेकवून पाहिला: चाक एका कुशीवर झुकतं, रबर कवचाच्या खाचेला घासतं. २ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चाकाच्या दुसऱ्या टोकाखाली मधल्या बटणाची कळ असते, आणि तिरकं चाक तिच्यावर कायमचं रेलून बसतं. परत पाठवला. दुसऱ्याची वाट बघायची तयारी नाही.

७ सप्टेंबर

खणात एक मेलेला वायरवाला माउस पडून होता. त्याची वायर मुळाशी तुटलेली, बाकी अंग धडधाकट. उघडला. एन्कोडर ९ मिमी! भोकही षटकोनी, आस हलका दाबून बसला.

लावायच्या आधी मल्टिमीटरवर तपासला. सामाईक पाय कोणता हे बोर्डवरच्या ग्राउंडच्या रेषेवरून शोधलं, मल्टिमीटरची काळी सळई तिथे, लाल एकदा अ वर, एकदा ब वर. आस एक-एक खटका फिरवत गेलो: बीप, शांत, बीप, शांत. दोन्ही पायांवर पूर्ण फेरी, मधे कुठे खरखर नाही. मोडक्याने उघडण्याआधी याच तपासणीत काय म्हटलं असतं हे बघायचं राहून गेलं; १४ तारखेच्या कागदी तर्काला पुरावा मिळाला असता.

बोर्डवरची भोकं कथलाने बुजली होती. वेणीने दोन मोकळी झाली, तिसऱ्याशी झटापट केली नाही. जास्त वेळ तापवलं की तांब्याची चकती बोर्ड सोडते. लाकडी दातकोरणी टेकवून मागून तापवलं, कथील पातळ होताच आत सरकवली. लाकडाला कथील चिकटत नाही. भोक मोकळं.

एन्कोडर बोर्डला पूर्ण टेकला आहे याची खात्री करून आधी एका कानाला डाग, मग चाक बसवून सरळ आहे का पाहिलं, मग उरलेले चार. हा क्रम उलटा केला तर तिरकेपणा पाचही डाग सोडवून काढावा लागतो.

८ सप्टेंबर

१० फेऱ्या, २४० खटके. बरोबर २४०. वरच्या दिशेनेही २४०.

खटक्याचा हात बदललाय. जुना मऊ होता, हा टकटक वाजतो आणि जरा जास्त जोर मागतो. त्या वायरवाल्या माउसचा स्वभाव याच्यात उतरलाय म्हणायचं. घसरपट्ट्या जुन्याच चिकटवल्या, एका कोपऱ्याशी सुरकुती राहिली, कापडी पॅडवर जाणवत नाही.

२१ सप्टेंबर

दोन आठवडे झाले. अल्कोहोलवाला उपाय नऊ दिवस टिकला होता, म्हणून आजवर ‘झालं’ असं लिहिलं नव्हतं. आज पुन्हा मोजलं: २४० ला २४०.

एक तक्रार मात्र उरली होती. जेवून आल्यावर चाक फिरवलं की पहिला खटका वाया जातो. छातीत धस्स झालं, पुन्हा तेच? इव्हटेस्टवर पाहिलं: पहिला गायब, दुसऱ्यापासून सगळे हजर, आणि ठिपका कुठेही असला तरी असंच. माउस तसाच दहा मिनिटं सोडून पुन्हा करून बघितलं, तेच. बाण आधी हलवला आणि मग चाक फिरवलं तर पहिला खटकाही येतो. सेल वाचवायला माउस झोपतो आणि पहिल्या खटक्याने नुसता जागा होतो, एवढंच. आधीही हे होतच असणार, माझं लक्ष नव्हतं.

मोडका एन्कोडर आणि ते तुटलेलं पितळी बोट एका पाकिटात घालून खणात ठेवलंय.